गाठीचा प्रसंग आणि सत्तावीस कागद

माझ्या लेकीच्या सिनेमात मी चार मिनिटं होतो. ती चार मिनिटं कशी गेली, ते सांगायला बसलोय. सांगताना मी तटस्थ राहीन अशी अपेक्षा आमच्या घरात कोणीही ठेवलेली नाही, तेव्हा तुम्हीही ठेवू नका.

लेक सिनेमा शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला पंधरा मिनिटांची एक फिल्म करावी लागते. तिने विषय घेतला तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग, पण आमच्या डिलाईल रोडला माग कोणी म्हणत नसे. तिने आजोबांना फारसं पाहिलेलं नाही. ते गेले तेव्हा ती बालवाडीत होती. फिल्ममधला म्हातारा गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली तरी रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत स्टुलावर बसतो आणि तुटलेले धागे सांधत राहतो. समोर टॉवर. बस, एवढीच गोष्ट.

म्हाताऱ्याच्या कामाला एक हौशी नाटकवाले गृहस्थ ठरले होते. शूटिंगच्या आदल्या दिवशी ते गॅस सिलिंडर उचलायला वाकले आणि तसेच राहिले. लेक माझ्याकडे आली.

"बाबा, तू फक्त बस. काही करू नकोस."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आलोय, त्यामुळे मला जमेल असं वाटलं. माझ्या केसांना टाल्कम पावडर लावली, वडिलांचा जुना हाफ शर्ट घातला आणि मी बसलो. मग ती म्हणाली, "आता आजोबा धागा सांधायचे तसं कर."

मी म्हटलं, त्यात काय, लहानपणी हजार वेळा पाहिलंय. आणि खरंच, सूत हातात घेतल्यावर बोटं आपोआप चालायला लागली. अंगठ्यावरून वेढा, खालून ओढ, पुढे सरक. मी चकित झालो. रक्तातच असतं, असं काहीतरी मनात येऊन माझे डोळेही जरा भरून आले. कॅमेरावाली पोरगी हळूच म्हणाली, "काका, एक नंबर." त्या दोन शब्दांनी माझं वाटोळं केलं. पुढचे पंधरा दिवस मी ऑफिसात फायलींवर सह्यासुद्धा जरा थांबून, खिडकीबाहेर बघत करत होतो.

फिल्म जोडून झाली ती अठरा मिनिटांची. कॉलेजचा नियम पंधराचा, वर एक सेकंद चालत नाही. तिच्या मॅडमनी बघितली आणि सांगितलं, "गाठीचा प्रसंग काढ. काहीतरी खोटं आहे त्यात."

"काय खोटं आहे?" मी विचारलं.

"तेच तर त्यांना सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे नसेल."

"बाबा, मलाही काहीतरी खटकतंय. पण तोच प्रसंग काढला तर मग फिल्ममध्ये उरलं काय? मी ही फिल्म त्या हातांसाठी केलीय."

त्या हातांसाठी. मी माझ्या हातांकडे पाहिलं. बायको पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आता या हातांनी जरा गॅस बारीक करा."

फिल्म जमा करायला दहा दिवस होते. लेकीने ठरवलं की ज्यांनी हे आयुष्य जवळून बघितलंय त्यांना आधी फिल्म दाखवायची, त्यांच्याकडून कागदावर उत्तरं लिहून घ्यायची आणि मग काय कापायचं ते ठरवायचं. कॉलेजातल्या मित्रांना दाखवून काही उपयोग नव्हता. ते सगळे एकमेकांना "लेयर्ड आहे" असं सांगतात. तिला चाळीतली माणसं हवी होती, आणि चाळीतली माणसं गोळा करणं हे माझं खातं.

तिने मला सूचना दिल्या. कोणाला आधी काही सांगायचं नाही. प्रास्ताविक करायचं नाही. खायला नंतर द्यायचं, आधी नाही. आणि फिल्म चालू असताना वळून लोकांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.

"एवढं तर कोणीही करेल," मी म्हटलं.

पहिली सूचना मी भाजी आणायला गेलो तेव्हाच मोडली. जिन्यावर भेटेल त्याला रविवारी चार वाजता यायचं निमंत्रण देताना मी एवढंच म्हणत होतो, "मधे एक धाग्याचा प्रसंग आहे, तो जरा नीट बघा." यात प्रचार काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी आम्ही मंडळाची खोली घेतली. कॅरम बोर्ड भिंतीला उभे केले, खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर लेकीने कॉलेजातून आणला. पडदा म्हणून आमची लग्नातली पांढरी चादर. तिच्यावर कोपऱ्यात एक आमटीचा डाग आहे, तो फिल्मभर टॉवरच्या तेराव्या मजल्यावर दिसत राहिला. सत्तावीस माणसं आली. पहिल्या रांगेत आमचे सेक्रेटरी. त्यांना पदावरून उतरून नऊ वर्षं झाली, पण चाळ त्यांना सेक्रेटरीच म्हणते आणि त्यांनीही कधी हरकत घेतलेली नाही. दाराशी खुर्चीत बसले शेजारचे आजोबा, चौऱ्याऐंशीचे, वडिलांबरोबर त्याच गिरणीत साच्यावर होते. ते आता फार बोलत नाहीत आणि ऐकू किती येतं याचा अंदाज कोणालाच नाही.

बायकोने बटाटेवडे केले होते. चार वाजता घरातून बाहेर पडून आलेल्या माणसांना नुसतं बसवून ठेवायचं? वडे आधी गेले. चहाही. आणि लोक वडे खात होते, तर मधल्या वेळात मी चार शब्द बोललो. लेक म्हणते अकरा मिनिटं. त्यात मी चाळीचा इतिहास, गिरणीचा भोंगा, मुलींचं शिक्षण आणि सिलिंडरवाल्या नटाच्या कमरेची सद्यस्थिती असा आढावा घेतला. शेवटी म्हणालो, "पोरीचा पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या." लेक प्रोजेक्टरपाशी डोळे मिटून उभी होती. मला वाटलं, भारावलीय.

फिल्म सुरू झाली. लोक छान बघत होते. म्हाताऱ्याची सून त्याला "अहो मामंजी, आत या, ऊन लागेल" म्हणते तिथे बायका हसल्या, कारण ती सून म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची, प्रत्यक्षात ती सासऱ्याला कधीच आत बोलवत नाही. मग माझा प्रसंग आला. आणि मी वळून बघितलं.

एक काकू पदराला हात पुसत होत्या. एकाने मोबाइल उलटा धरून वेळ बघितली. मागच्या रांगेतल्या दोघी कुजबुजून वड्यात लसूण होती का नव्हती यावर एकमत करत होत्या. मी स्वतःला सांगितलं, भारावलेली माणसं अशीच वागतात. फक्त शेजारचे आजोबा खुर्चीतून पुढे वाकले होते. मान तिरकी करून, डोळे बारीक करून पडद्याकडे टक लावून बघत होते. चला, जाणकार एक तरी आहे.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, लेकीने कागद वाटले. पाच प्रश्न होते. कुठे कंटाळा आला? कुठे समजलं नाही? कोणता प्रसंग खोटा वाटला? काय काढून टाकावं? काय लक्षात राहिलं? खाली लिहिलं होतं, नाव व सही ऐच्छिक.

'सही' हा शब्द वाचला आणि सगळ्या माना सेक्रेटरींकडे वळल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमची चाळ गेली कित्येक वर्षं पुनर्विकासात जातेय. पलीकडे बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, आमची अजून जातेयच. या काळात आमच्याकडे इतके कागद आले, इतक्या संमत्या, हरकती आणि कोऱ्या जागा खाली सोडलेले अर्ज, की चाळीने एक शिस्त लावून घेतली आहे. कागद आला की कोणी एकट्याने लिहायचं नाही. सेक्रेटरी वाचणार, सेक्रेटरी सांगणार, आणि सगळ्यांचं उत्तर एकच जाणार. दोन घरांनी दोन उत्तरं दिली की बिल्डरला फट मिळते.

"हा कागद कसला?" मागून कोणीतरी विचारलं.

"फिल्मचा," लेक म्हणाली.

"मग सही कशाला?"

"ऐच्छिक आहे, काकू."

"मागच्या वेळीपण ऐच्छिकच होती."

सेक्रेटरींनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली आणि उभे राहिले. "सगळ्यांनी पेनं घ्या. मी सांगतो तसं लिहा. एक, नाही. दोन, नाही. तीन, कोणताही नाही. चार, काहीही काढू नये. पाच, सर्व. खाली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सही कोणीही करू नये."

"सेक्रेटरीकाका," लेक म्हणाली, "प्रत्येकाचं वेगळं मत हवंय मला."

"असू दे ना वेगळं," सेक्रेटरी मायेने म्हणाले. "पण कागदावर एकच बरं असतं, बाळा. तुला अनुभव नाही."

माणसं भराभर लिहीत होती. 'काढू नये'तला 'ढू' काढता येईना म्हणून एकीने शेजारणीचं बघून लिहिलं. आजोबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "माझो चष्मो घराक रवलो," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

संध्याकाळी लेकीने ते सव्वीस कागद जमिनीवर मांडले. सव्वीस वेळा नाही, नाही, कोणताही नाही. मी उत्साहात होतो. "बघ, काहीही काढू नये. एकमताने."

ती गुडघ्याला मिठी मारून कागदांकडे बघत राहिली. लहानपणी तिचं पेन्सिलचं टोक मोडलं की अशीच बसायची, रडायची नाही, नुसती बघायची.

"तुम्ही वडे आधी दिलेत," बायको मला म्हणाली. "वडा खाऊन कोण नावं ठेवणार?"

"लसूण मात्र हवी होती, असं दोघी म्हणत होत्या," मी म्हटलं. विषय बदलायला दुसरं काही सुचेना.

"हे एवढंच खरं मत मिळालंय आपल्याला," लेक म्हणाली. मग कागद गोळा करत, "बाबा, मला तीन मिनिटं कापायचीत आणि कुठली ते मला कळत नाहीये. मला खरं कोण सांगणार?"

मग मी कबूल केलं. जिन्यावरचं सगळं. कोणाकोणाला काय काय म्हणालो होतो ते. ती चिडली नाही, ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, "उद्या मॅडमना सांगते, काढते तो प्रसंग." आणि लॅपटॉप मिटला.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा दारात काठीचा आवाज आला. आजोबा. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, डोळ्यांवर चष्मा, हातात घडी घातलेला कागद.

"खोटा काय वाटला ता लिवचा हा ना?" त्यांनी लेकीला विचारलं. "लिवूक माका जमना नाय, म्हणान सांगूक इलंय."

लेक चहाचा कप ठेवून उठली. त्यांना खुर्ची दिली. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अर्ध्या गालाला साबण होता.

"झिला, तू त्या सिनेमात काय करतंस?"

"धागा सांधतोय, काका. साच्यावर सांधायचे तसा."

"नाय. तू गजरो बांधतंस."

बायको आतून हसली. मी म्हटलं, "काय बोलता काका, बाबांना मी लहानपणी घरी बघितलंय."

"तुझो बापूस माझ्या बाजूच्या साच्यार होतो. त्येणा घरात कधी धाग्याक हात लावल्यान नाय. मिलीतला ता मिलीत. गजरे तुझी आये करी. संपाच्या वर्सात. तू तिच्या पुढ्यात बसान फुला देत होतंस."

साबण गालावर सुकायला लागला होता. मी हात समोर धरून तो प्रसंग हवेत पुन्हा करून बघितला. अंगठ्यावरून वेढा, खालून ओढ, पुढे सरक. आणि पुढे सरक म्हणताना बोटं कशासाठी थांबतात ते कळलं. तिथे फूल यायचं. दोन अबोली, एक पान. दादरच्या फुलबाजारातून आई टोपली आणायची, दुपारभर गजरे करायची, आणि वडील भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, झोपलेले नसले तरी. मी दहा वर्षांचा होतो. मी जिला वडिलांची आठवण म्हणत होतो, ती दुसऱ्याच माणसाची निघाली. रक्तात असतं म्हणालो होतो ना, तेही असेल. पण गडी चुकला.

लेक माझ्याकडे बघत होती. मी साबण पुसायला आत गेलो. जरा जास्त वेळ लागला.

बाहेर आलो तेव्हा आजोबांनी पंच्याच्या दशीतून दोन धागे उपटले होते. "ह्यां बघ," ते लेकीला म्हणाले. दोन टोकं चिमटीत एकमेकांवर आली, अंगठा एकदा फिरला आणि झालं. पापणी लवली असती तर बघायचं राहून गेलं असतं. त्यांनी धागा ताणून तिच्या हातात दिला. "गाठ खय हा, सांग."

तिने बोट फिरवून बघितलं, उजेडात धरून बघितलं. गाठ दिसेना.

"दिसता नये," आजोबा म्हणाले. "आणि चार मिनिटा? चार मिनिटा गाठ मारीत बसलो असतंव तर साचो थांबलो असतो, आणि माका खात्यातल्या मास्तरान घराक धाडलो असतो."

लेक हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिने विचारलं, "आजोबा, हे कॅमेऱ्यासमोर कराल?"

"तोंड दिसतला?"

"नाही, फक्त हात."

"मगे दाढी करूक नको," आजोबा म्हणाले आणि माझ्या गालाकडे बघितलं.

त्याच सकाळी नऊ वाजता, ऑफिस बुडवून, मी गॅलरीत रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलचा तुकडा धरून उभा होतो. माझी बढती झाली असं लेक म्हणाली. आजोबांनी गाठ तीनदा मारली. चौथ्यांदा नको म्हणाले, कारण तीन बरोबर आल्या होत्या. नंतर लेकीने आधी माझा चेहरा ठेवला, टॉवरकडे बघणारा, पाच सेकंद. मग आजोबांचे हात, अकरा सेकंद. मग पुन्हा माझी पाठ. बाकी सगळं गेलं. फिल्म चौदा मिनिटं बावीस सेकंदांची झाली. मॅडमनी बघितली आणि एवढंच विचारलं, "काय बदललंस?"

"गाठ," लेक म्हणाली.

माझी चार मिनिटं तिने पुसली नाहीत. लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये आहेत, त्याला तिने 'आजी' असं नाव दिलंय. मी एकदा उघडून बघितली. बऱ्यापैकी कंटाळवाणी आहेत, मॅडमचं चुकलं नव्हतं. पण गजरा म्हणून बघितलं तर एकही वेढा चुकलेला नाही.

कॉलेजात सगळ्या फिल्म दाखवल्या त्या दिवशी आम्ही आजोबांना टॅक्सीने नेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याची डबी. मी त्यांच्या शेजारी बसलो. आमची फिल्म संपली, दिवे लागले आणि मागच्या रांगेतल्या एक बाई पुढे वाकून माझ्या खांद्यावर बोट लावून म्हणाल्या, "तुम्हीच ना ते? चेहऱ्याचं सोडा, पण हात किती बोलतात हो तुमचे."

मी हात मांडीवरून उचलून खिशात घातले. काय सांगावं, कुठून सुरू करावं, अकरा मिनिटं तरी लागली असती.

आजोबांनी कोपराने ढोसलं. "थँक्यू म्हण," ते म्हणाले.